साबण-क्रीमचा सुगंध : नाक सारखेच, आठवण वेगळी

साबण, उटणे, चेहऱ्याची क्रीम, अंगाला लावायचे तेल अशा वस्तू तयार करणाऱ्या आणि विकणाऱ्या आपल्या बांधवांची संख्या कमी नाही. अत्तराचा धंदा तर कित्येक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. त्यामुळे सुगंधातले आपल्याला सर्व कळते असा एक विश्वास या धंद्यात असतो, आणि तो अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु अत्तर विकणे आणि सुवासिक साबण किंवा क्रीम विकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अत्तर गिऱ्हाईक वासासाठीच घेते. साबण ते अंग स्वच्छ करण्यासाठी घेते, क्रीम कातडी फुटू नये म्हणून घेते. आणि वास त्याला त्या वस्तूबद्दल काहीतरी सांगत असतो. हे औषधी आहे, हे लहान मुलाचे आहे, हे लग्नकार्याचे आहे, हे फरशी पुसण्याचे आहे, असे ते नाकाने ओळखते. ही ओळख मुलखागणिक बदलते. माल उत्तम असूनही दुकानात पडून राहतो किंवा परदेशातून परत येतो, त्याचे कारण पुष्कळदा याच ठिकाणी असते.

अत्तरातून कातडीच्या मालाकडे वळलेले व्यापारी आपल्याकडे पूर्वीही होऊन गेले. ई. एस. पाटणवाला यांनी 1919 साली मुंबईत 'अफगाण स्नो' काढला, त्याआधी ते अत्तर आणि केसांच्या तेलाच्या व्यवसायात होते. हा रस्ता जुना आहे. आज त्या रस्त्यावर उतरणाऱ्याला एकाच वेळी कोल्हापूर, कुवेत आणि कोबे येथील गिऱ्हाईक दिसत असते, एवढाच फरक.

एका वाड्यातली दोन घरे

परदेश लांब राहिला, कापराचे उदाहरण घ्या. हिंदू शेजाऱ्याच्या घरी कापराचा वास आला की आरतीची आठवण होते आणि मन प्रसन्न होते. आपल्याकडे मय्यतीला गुस्ल देताना शेवटच्या पाण्यात कापूर मिसळतात, म्हणून तोच वास अनेक मुस्लिम घरांत जनाजाची आठवण करून देतो. आता कोणी पायांसाठी कापराची थंडाव्याची क्रीम काढली तर दोन्ही घरांत थंडावा सारखाच मिळेल. पण डबी उघडल्यावर दुकानदाराला दोन वेगळे चेहरे दिसतील.

केवड्याचेही तसेच. आपल्या नाकाला केवडा म्हणजे बिर्याणीची देग आणि शरबताचा पेला. केवड्याचा साबण लावून कोणी जमातीत आला तर शेजारचा माणूस 'दावत कुठे आहे?' असे विचारील! गणपतीच्या दिवसांत मात्र बाजारात केवड्याची कणसे येतात आणि त्या घरांत तो पूजेचा वास असतो.

सण आणि साबण यांची गाठ किती पक्की बसते हे पाहायचे असेल तर मोती साबणाकडे पाहावे. टाटा ऑइल मिल्सने तो 1970 च्या दशकात आणला. 1993 साली ती कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली. गुलाब आणि चंदन हेच त्याचे वास. महाराष्ट्रातील असंख्य घरांत तो दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचा वास ठरला आहे. एरवी वर्षभर दुसरा साबण वापरणारी माणसे त्या चार दिवसांसाठी तो मुद्दाम आणतात. वासाने माल विकला जातो आणि वासानेच तो एका दिवसापुरता बांधलाही जातो, या दोन्ही गोष्टी येथे दिसतात.

गंधपुऱ्याचा धडा

गंधपुरा तेल, म्हणजे विंटरग्रीन, आपल्या बाजारात सर्वांना माहीत आहे. डोक्याला आणि सांध्याला चोळायच्या बामांना जो उग्र गोडसर वास असतो तो बराचसा याचाच. मुंबईत 1893 साली सुरू झालेल्या अमृतांजनापासून आजवर हिंदुस्थानी माणसाने या वासाची सांगड दुखण्याशी घातली आहे.

ब्रिटनमध्ये 1960 च्या दशकात लोकांना निरनिराळे वास देऊन आवड विचारण्यात आली, तेव्हा हा वास नावडत्यांमध्ये गणला गेला. अमेरिकेत 1970 च्या दशकात अशीच पाहणी झाली आणि तेथे तोच वास सर्वांत आवडत्यांमध्ये आला. ब्रिटिशांच्या त्या पिढीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा वास चोळायच्या औषधांतून घेतला होता, तर अमेरिकेत तो गोळ्या आणि च्युइंगममधून लहानपणीच जिभेवर येतो, असे याचे स्पष्टीकरण संशोधक देतात. रसायन एकच, भाषाही दोन्हीकडे इंग्रजीच. एका ठिकाणी तो दवाखाना ठरला आणि दुसऱ्या ठिकाणी मिठाईचे दुकान.

मग प्रत्येक कौमेचे नाक वेगळे असते काय? तसे नाही, आणि ही गोष्ट आमच्या व्यापारी बांधवांनी नीट ध्यानात घ्यावी. 2022 साली 'करंट बायॉलॉजी' या शास्त्रीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जंगलात शिकार करून राहणाऱ्यांपासून शहरात राहणाऱ्यांपर्यंत, नऊ निरनिराळ्या बिगर-पाश्चात्त्य समाजांतील 225 लोकांना एकेका रसायनाचा वास देऊन आवडीचा क्रम लावण्यास सांगितले होते. क्रमांतील फरकापैकी 41 टक्के फरक रसायनामुळे पडला, 54 टक्के ज्याच्या त्याच्या वैयक्तिक आवडीमुळे, आणि संस्कृतीमुळे केवळ 6 टक्के. व्हॅनिलाचा वास सर्वांत वर आला आणि घामट पायांसारखा वास असलेले रसायन सर्वांत खाली.

याचा अर्थ काय? 'अरबांना हेच आवडते', 'युरोपियनांना ते चालत नाही' अशी जी वाक्ये दलाल मंडळी बेधडक फेकतात ती अर्धवट आहेत. एकाच घरातल्या दोन भावांच्या आवडीत याहून मोठा फरक निघू शकतो. पण त्या अभ्यासात वासाला नाव नव्हते, डबी नव्हती आणि उपयोगही सांगितलेला नव्हता. दुकानात तसे नसते. तेथे वास कोणत्या ना कोणत्या वस्तूला चिकटूनच येतो, आणि गिऱ्हाईक त्याची तुलना आपल्या घरातल्या आठवणीशी करते. फरक शोधायचा तो येथे.

चंदन, लिंबू, चाफा

पहिल्या महायुद्धात म्हैसूरचे चंदन युरोपात जाणे थांबले. तेव्हा महाराज कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांनी चंदनतेल काढण्याचा आणि त्याचा साबण करण्याचा सरकारी उद्योग बंगलोरात उभा केला. 'म्हैसूर सँडल' साबण त्यातूनच आला. हिंदुस्थानात चंदन कातडीला शोभते, कारण उगाळलेले चंदन कपाळाला आणि चेहऱ्याला लावण्याची रीत जुनी आहे. आपल्याकडे उर्साचा संदलही आहे. जपानमध्ये मात्र चंदनाचा वास प्रामुख्याने बौद्ध देव्हाऱ्यापुढील उदबत्तीत भेटतो. त्या नाकाला चंदनाची फेस क्रीम मृतांच्या स्मरणाकडे नेऊ शकते. पश्चिमेकडे हाच वास पुरुषांच्या दाढीनंतरच्या लोशनमध्ये मुरलेला आहे.

लिंबाचे पाहा. 1975 साली लिरिल आला आणि लिंबू म्हणजे ताजेपणाची आंघोळ असे समीकरण आपल्याकडे बसले. पुढे भांड्यांच्या साबणातही लिंबू शिरले आणि हे समीकरण थोडे सैल झाले. अमेरिकेत लिंबू आणि चीड यांचे वास फरशी-भांड्यांच्या मालाने जवळजवळ काबीज केले आहेत. तेथे तीव्र लिंबाची क्रीम चेहऱ्याला लावणे म्हणजे तोंडाला फिनेल लावल्यासारखे वाटायचे. तुर्कस्तानात परिस्थिती अगदी उलट आहे. तेथे पाहुणा आला की त्याच्या हातावर लिंबाचे 'कोलोन्या' ओततात. तो आदरातिथ्याचा वास आहे. कोलोन्यात 80 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असते, तरी तुर्की मुसलमानांच्या घरोघरी ते वापरले जाते. 'मुस्लिम बाजारपेठ' असा एकच गठ्ठा करून माल पाठविणाऱ्यांनी यावर विचार करावा.

पांढऱ्या चाफ्याचा, म्हणजे खुरचाफ्याचा, वास हवाई बेटांवर पाहुण्याच्या गळ्यातील हाराचा आहे आणि तेथील लोशनांत तो खुशाल वापरतात. मलेशिया आणि इंडोनेशियाच्या बऱ्याच भागांत हे झाड कबरस्तानात लावलेले असते आणि रात्री त्याचा वास आला तर भुताखेताच्या गोष्टी निघतात. त्याच इंडोनेशियातील बाली बेटावर ते फूल पूजेत वाहतात. देश एक, फूल एक, अर्थ दोन.

गुलाबाबद्दल फार लिहीत नाही. इराण, अरबस्तान आणि हिंदुस्थान येथे गुलाब खाण्यापिण्यातही आहे, त्यामुळे तो सहसा वाया जात नाही. पश्चिमेतील काही तरुणींना मात्र तो आजीच्या पावडरीचा वास वाटतो, असे सुगंध-व्यवसायातील लोक सांगतात. तिकडे गुलाब एकटा न पाठविता फळाच्या किंवा लाकडी वासाच्या जोडीने पाठवितात.

आखाताचा बाजार

कोकणातील रत्नागिरी-रायगडच्या किती घरांतून माणसे आखातात गेली याची गणती नाही, आणि सुट्टीवर येताना त्यांच्या पेटीत ऊद आणि बखूर असतोच. त्यामुळे हा बाजार आपल्याला ओळखीचा वाटतो. मुंबईशी त्याचे नातेही जुने आहे. आसाममधील होजाई येथील हाजी अजमल अली यांनी 1951 साली मुंबईत सुगंधाचा व्यापार सुरू केला आणि पुढे ती पेढी आखातात मोठी झाली. आसामचा अगर मुंबईमार्गे अरबस्तानात पोहोचला तो अशा माणसांमुळे.

पण आखातात सुगंध लावण्याची पद्धत थरांची आहे, आणि क्रीम विकणाऱ्याने ती समजून घेतली पाहिजे. स्नानानंतर अंगाला तेल किंवा सुवासिक क्रीम, मग मबखऱ्यातल्या बखूरची धुरी कपड्यांना, मग ऊद, गुलाब, कस्तुरी, अंबर, केशर यांपैकी एखादे मुखल्लत अत्तर, आणि वरून फवारा. म्हणजे आपली क्रीम ही चार थरांतील सर्वांत खालची आहे. तिला मोगऱ्याचा भडक वास असेल तर वरच्या महागड्या ऊदाशी तिचे भांडण होणार, आणि त्या भांडणात हरणार ती क्रीमच. म्हणून अशा ठिकाणी दोनच रस्ते शहाणपणाचे : एक तर ऊद-कस्तुरी-गुलाब याच कुटुंबातला मंद वास ठेवावा, नाही तर वास अगदी नाममात्र ठेवून 'तुमच्या अत्तराखाली चालणारी' म्हणून ती विकावी. दुसऱ्या रस्त्याकडे आपले लोक फारसे वळत नाहीत, कारण कमी वास म्हणजे कमी माल असे आपल्या बाजाराने शिकविले आहे.

सुदानमधील रीत याच्याही पुढची आहे. तेथे लग्न झालेल्या स्त्रिया आणि नववधू 'दिल्का' नावाचे उटणे वापरतात. ज्वारी-बाजरीच्या पिठाची कणीक सुगंधी लाकडाच्या धुरावर धरून तिच्यात लवंग, चंदन वगैरे घालतात. धुराचा वास तेथे सौंदर्याचा आणि संसाराचा वास आहे. आपल्याकडे बाळाला आणि बाळंतिणीला ओव्याची धुरी देतात, तेव्हा धुराची आठवण आपल्यालाही आहे. पण ती बाळंतपणाच्या खोलीची. आणि धुराच्या वासाची क्रीम युरोपात नेली तर 'काहीतरी जळले' असे म्हणतील.

कमी वासाचे देश

जपानमध्ये चेहऱ्याच्या मालाला वास अगदी मंद असतो किंवा नसतोच. दुसऱ्याच्या सुगंधाचा त्रास होणे याला तेथे 'कोगाई' असा स्वतंत्र शब्दच रूढ झाला आहे, आणि सुवासिक वस्तूंचा इतरांना त्रास होऊ शकतो अशी जाणीव देणारी भित्तिपत्रके सरकारी खात्यांनी 2021 साली काढली. जपानी आणि जर्मन स्त्रियांच्या वासाच्या जाणिवांची तुलना करणारा एक अभ्यास 1998 साली प्रसिद्ध झाला. त्यात सुक्या मासळीचा वास जर्मन स्त्रियांना सडका वाटला. आमच्या कोकणी वाचकांना त्याच वासाने भूक लागेल, हा भाग वेगळा!

जर्मनीत निव्हिया क्रीम 1911 पासून आहे. तिचा वास तेथे तीन-चार पिढ्यांनी आईच्या हाताचा म्हणून ओळखला. स्पेनमध्ये बाळाला न्हाऊ घातल्यावर केसांना सौम्य कोलोन लावतात. नेनुको हे त्याचे जुने नाव 1946 पासूनचे. आपल्याकडे बाळाचा वास म्हणजे वेखंड, किंवा जॉन्सनची पावडर. 'बेबी सोप' काढणाऱ्याने कोणत्या देशाच्या बाळासाठी, हा प्रश्न आधी सोडवावा.

वास पारखण्याची साधी रीत

मोठ्या कंपन्या यासाठी लाखो रुपये खर्च करतात. लहान कारखानदाराला ते परवडत नाही, पण काहीच न करणे त्याहून महाग पडते. हिशेब पाहा. 100 ग्रॅमच्या वडीत एक टक्का कंपाउंड धरले तर हजार वड्यांना एक किलो लागते. वास चुकला तर एक किलो कंपाउंड नव्हे, 100 किलो साबण अंगावर पडतो.

कंपाउंडवाल्याने दिलेली कागदाची पट्टी हुंगून निर्णय घेऊ नये. कडुनिंब, करंज, मोहरी यांच्या तेलांना स्वतःचे वास असतात आणि साबणातील क्षार काही वास मारून टाकतो. विशेषतः लिंबू-संत्र्याचे वास हाताने केलेल्या साबणात टिकत नाहीत. व्हॅनिला सर्वांना आवडतो हे खरे, पण तो पांढऱ्या वडीला महिन्याभरात तपकिरी करतो. म्हणून वास प्रत्यक्ष मालातच घालून पाहावा आणि तो माल चार-सहा आठवडे ठेवून पुन्हा पाहावा.

मग तीन डब्यांवर फक्त 1, 2, 3 असे आकडे घालावेत. नाव लिहू नये, रंग एकच ठेवावा. ज्या बाजारात विकायचे आहे त्या बाजारातली वीस-पंचवीस माणसे गाठावीत. आपले मेव्हणे आणि नोकर त्यांत धरू नयेत, कारण ते 'मस्त आहे' असेच म्हणणार. आखातासाठी माल असेल तर सुट्टीवर आलेली कुटुंबे गावोगाव मिळतात. चेहऱ्याचा माल असेल तर तो घरातील स्त्रियांमार्फत स्त्रियांनाच द्यावा. आणि 'आवडला का?' हा प्रश्न शेवटी ठेवावा. पहिला प्रश्न 'हा वास घेऊन काय आठवले?' असा असावा. 'दवाखाना', 'बाथरूम', 'मय्यत', 'बिर्याणी', 'आजी', 'लग्न' अशी जी उत्तरे येतील ती लिहून ठेवावीत. वीसपैकी सहा जणांना दवाखाना आठवला, तर बाकीच्यांनी कितीही वाहवा केली तरी तो वास चेहऱ्याच्या क्रीममध्ये जाऊ नये. वेदनाशामक तेलात जाईल. दोन वासांच्या मध्ये कॉफीच्या बिया हुंगायला देतात, त्याने खास काही साधत नाही. माणसाला दोन मिनिटे दारात उभे करावे.

कातडीचा हिशेब

वास आवडला तरी कातडीला तो मानवलाच पाहिजे. साबण धुतला जातो, क्रीम दिवसभर अंगावर राहते. म्हणून साबणात जिथे एक टक्का चालतो तिथे चेहऱ्याच्या क्रीममध्ये त्याचा तिसरा-चौथा हिस्सा पुरे. नैसर्गिक तेल म्हणजे निर्धोक, ही समजूत सोडून द्यावी. दालचिनीच्या तेलाने कातडी भाजल्यासारखी होते. लिंबू आणि बर्गामोट यांची दाबून काढलेली तेले लावून उन्हात गेल्यास काळे डाग पडतात; सुगंध-उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना 'इफ्रा' हिने अंगावर राहणाऱ्या मालात बर्गामोटला 0.4 टक्के आणि अशा लिंबूतेलाला 2 टक्के अशी मर्यादा घातली आहे. आपल्याकडचे ऊन पाहता याहून खालीच राहावे.

युरोपात पाठविणाऱ्यांनी तर कागद आधी पाहावेत. ॲलर्जी आणणाऱ्या 26 सुगंधी घटकांची नावे वेष्टनावर छापण्याचा नियम तेथे 2005 पासून लागू झाला. 2023 च्या नियमाने ती यादी 80 च्या वर गेली असून नव्या मालासाठी 31 जुलै 2026 आणि आधीपासून बाजारात असलेल्या मालासाठी 31 जुलै 2028 ही मुदत ठरलेली आहे. मोगऱ्या-लिलीच्या कंपाउंडांत सर्रास असणारे 'लिलिअल' हे रसायन तेथे 1 मार्च 2022 पासून बंद आहे. जुना साठा स्वस्तात देणारा माणूस भेटला तर आधी हे विचारावे. तसेच 'बिनवासाचा' आणि 'वास न घातलेला' यांत फरक आहे : पहिल्यात मूळ तेलांचा वास झाकण्यासाठी सुगंध घातलेला असू शकतो, दुसऱ्यात मुळीच नसतो. ॲलर्जीचे गिऱ्हाईक दुसराच माल मागते.

अल्कोहोलच्या शब्दावरूनही गोंधळ होतो. क्रीममधील सीटिल अल्कोहोल हा मेणासारखा घट्ट पदार्थ आहे, त्याचा दारूशी संबंध नाही, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगता आले पाहिजे. सुगंध विरघळविण्यासाठी वापरलेला द्राव मात्र खरोखर विचारण्याजोगा आहे. इंडोनेशियात सौंदर्यप्रसाधनांना हलाल प्रमाणपत्र सक्तीचे करण्यासाठी 17 ऑक्टोबर 2026 ही तारीख ठरविण्यात आली आहे, आणि त्यात सुगंधाचे घटकही तपासले जातात. कंपाउंडवाल्याकडून इफ्राचे प्रमाणपत्र, ॲलर्जी-घटकांची यादी आणि द्रावाचे नाव हे तिन्ही कागद पहिल्या 100 ग्रॅमच्या बाटलीबरोबरच मागावेत. जो ते देत नाही त्याच्याकडून पुढचा एक किलो घेऊ नये.